गाठ आणि गाठीचा पैसा

स्तनाचा कर्करोग म्हणजे श्रीमंत बायकांचा आजार, असं म्हणतात. उशिरा मूल, कमी स्तनपान यामुळे शहरी सुखवस्तू स्त्रियांत तो जास्त आढळतो, हे खरं. पण झाल्यावर वाचण्याची शक्यता गरीब बाईचीच कमी! गाठ सुरुवातीला सहसा दुखत नाही. मग रोज बुडवून दवाखान्यात जाणार कोण? १९९८ पासून टाटा रुग्णालयाने मुंबईच्या झोपडपट्ट्यांतल्या दीड लाख स्त्रियांचा अभ्यास केला. निम्म्या जणींचे स्तन प्रशिक्षित सेविकांनी दर दोन वर्षांनी नुसत्या हाताने तपासले. २०२१ मध्ये निष्कर्ष आले: या गटात पन्नाशीपुढच्या स्त्रियांचे या रोगाने होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी. सरकारी योजनेत ही तपासणी आहेच. मैत्रिणींनो, आपल्या कामवाल्या मावशींपर्यंत ती पोचली का, एवढं तरी विचारूया.