कागद एक, कामं तीन

मागच्या आठवड्यात बाबांचा जुना रिपोर्ट शोधायला मला चाळीस मिनिटं लागली. तिकडे डॉक्टर खोळंबलेले, इकडे मी 'स्कॅन' आणि 'बाबा' हे दोन्ही फोल्डर उलथेपालथे करतोय. सापडला कुठे, तर 'इन्शुरन्स २०१९' मध्ये! क्लेमसाठी स्कॅन केला होता ना. काकू म्हणाली, वेंधळा आहेस. आहेच :) पण खरी चूक फोल्डरची.

एक कागद एकाच फाइलीत लागतो, हा कागदाचा नाइलाज. संगणकाला तो कुठे होता? एमआयटीतल्या मंडळींनी १९९१ मध्येच 'सिमँटिक फाइल सिस्टिम' करून दाखवली होती. तिथे फोल्डरचं नाव म्हणजे एक प्रश्न, आणि आत दिसतात ती त्याची उत्तरं.

"मग टॅग लावा की!" म्हणणाऱ्यांशीही माझं भांडण आहे. लोणच्याच्या बरणीवर तारखेची चिठ्ठी लावायचा कंटाळा करणारी माणसं आपण, दोनशे फोटोंना टॅग लावणार? मी काय काम करतोय हे डेस्कटॉपला ठाऊक असेल तर टॅग त्यानेच लावावा. केडीई प्लाझ्मा अगदी दाराशी येऊन थांबलंय. त्यात 'क्लेम', 'गृहकर्ज' अशा ॲक्टिव्हिटी करता येतात आणि कुठलीत काय उघडलं याची नोंदही राहते. पण ती राहते एका वेगळ्या डेटाबेसात, आणि टॅग असतात फाइलीच्या एक्स्टेंडेड ॲट्रिब्यूटमध्ये. एकाच घरात राहून दोघांची बोलाचाल नाही!

विरोधक लगेच थडगी दाखवतात. मायक्रोसॉफ्टचं विनएफएस २००६ मध्ये बारगळलं, केडीईने नेपोमुक २०१४ मध्ये मोडीत काढून बालू आणलं. मान्य. पण माझ्या मते तिथे टॅग हरला नाही, सगळ्या जगाची वही एका अगडबंब डेटाबेसात लिहायचा हव्यास हरला.

माझी मागणी साधी आहे. ज्या ॲक्टिव्हिटीत फाइल साठवली, तिचा टॅग फाइलीलाच चिकटावा. नुसती डोकावून पाहिली तर नाही, नाहीतर सगळ्यालाच सगळं चिकटेल. डेटाबेस हवाच, पण तो शोध वेगात व्हावा म्हणून. उडाला तर फायलींवरून पुन्हा बांधता यावा. आणि कॉपी करताना टॅग गळणार असतील तर निदान तसं सांगा तरी!

असो. रिपोर्टला मी हाताने तीन टॅग लावले आणि पेनड्राइव्हवरून दादाला दिला. पेनड्राइव्ह एफएटी३२, त्यामुळे तिन्ही टॅग वाटेतच गळाले. आत्ताच दादाचा फोन येऊन गेला, "हे कुठल्या फोल्डरात ठेवू रे?"