दात काढला, पण हाडाचे काय?

दाढ ठणकू लागली की आधी लवंग, मग गोळी आणि शेवटी ‘काढूनच टाका’ हा मार्ग सुपे परिसरालाही नवा नाही. दुखणे थांबते, जबड्याच्या हाडाची झीज मात्र तेव्हाच सुरू होते.

दाताभोवतीचे हाड दाताच्या आधारानेच टिकते. मूळ निघाले की शरीर ते हाड हळूहळू शोषून घेते. उपलब्ध अभ्यासांनुसार सहा महिन्यांत त्याची रुंदी २९ ते ६३ टक्के, तर उंची ११ ते २२ टक्के घटते. सर्वाधिक झीज पहिल्या तीन महिन्यांतच होते. म्हणूनच दोन-चार वर्षांनी पैसे जमवून इम्प्लांटसाठी गेलेल्या रुग्णाला ‘हाड अपुरे आहे’ असे ऐकावे लागू शकते. मग हाड वाढवण्याची वेगळी शस्त्रक्रिया आणि वेगळा खर्च येतो. सगळे दात गेलेल्यांची खालची कवळी सैल होते, तीही बऱ्याचदा याच झिजेमुळे.

यावर ‘सॉकेट प्रिझर्व्हेशन’ हा उपाय आहे. दात काढताच रिकाम्या खळग्यात प्राण्याच्या हाडापासून केलेले किंवा कृत्रिम कण भरून त्यावर पातळ पडदा लावतात. मात्र ‘हाड जसेच्या तसे राहते’ हा दावा खरा नाही. कॉक्रेन संस्थेच्या २०२१ च्या आढाव्यानुसार यामुळे साधारण सव्वा मिलिमीटर हाड वाचते आणि तो पुरावाही फारसा भक्कम नाही. अक्कलदाढ काढल्यावर किंवा पुढे इम्प्लांट बसवायचाच नसेल, तर या खर्चाची सहसा गरज नसते.

इतर उपाय अधिक मोलाचे आहेत. रूट कॅनॉलने दात वाचत असेल तर तो वाचवावा. हाड राखण्याचा तोच उत्तम मार्ग. जखम भरेपर्यंत तंबाखू व मिश्री पूर्ण बंद ठेवावी. २०१६-१७ च्या पाहणीत राज्यातील सुमारे एक चतुर्थांश प्रौढ धूरविरहित तंबाखू वापरत होते, हे इथे विसरता येत नाही. मधुमेह असल्यास साखर आटोक्यात हवी.

राष्ट्रीय मौखिक आरोग्य कार्यक्रम २०१४ पासून सुरू आहे. तरीही दात काढण्यापलीकडचा सल्ला गावपातळीवर मिळाला, तरच त्याचा खरा उपयोग. तोपर्यंत रुग्णानेच खुर्चीत बसण्यापूर्वी विचारावे: ‘डॉक्टर, हा दात वाचेल का? नाही तर त्या जागी पुढे काय बसवायचे?’ हा प्रश्न दात काढल्यानंतर विचारला, तर उशीर झालेला असतो.