अठरा तास की रोज छत्तीस मिनिटे?



दरवर्षी १४ एप्रिलच्या निमित्ताने कितीतरी महाविद्यालयांत, वसतिगृहांत आणि विहारांत सलग अठरा तास अभ्यासाचा उपक्रम होतो. बाबासाहेबांना वाहिलेली ही मानवंदना आपल्या सर्वांच्या परिचयाची आहे. अशाच एका उपक्रमात आम्ही मुलांना चहापाणी देण्यासाठी हजर होतो. सकाळी सहाला सुरू झालेला अभ्यास रात्री बाराला संपला. मुलांना घरी न्यायला पालक आले. त्यांत धुण्याभांड्याची कामे करून संसार चालवणाऱ्या एक भगिनी होत्या. मुलगा नववीतला. त्याला चपला घालायला पुढे पाठवून त्या आम्हाला हळूच म्हणाल्या, "भाऊ, खरं सांगा. पोरगं रात्र रात्र पुस्तक धरून बसतं, पण पेपरात काही आठवत नाही. मास्तर म्हणतात, याला डोकंच नाही. खरंच काही जणांना डोकं नसतं का हो?"

रात्री बारा वाजता या प्रश्नाला काय उत्तर द्यावे ते आम्हाला सुचले नाही. "तसं काही नसतं ताई," एवढेच म्हणालो. पण नुसत्या धीराच्या शब्दांनी आईचे समाधान होत नाही. म्हणून ते उत्तर आज या सदरातून देत आहोत, कारण हा प्रश्न आपल्या अनेक घरांतला आहे.

माणूस लक्ष कसे देतो, लक्षात कसे ठेवतो, विचार कसा करतो आणि अडचणीतून वाट कशी काढतो, याचा प्रयोगांनी शोध घेणारे एक शास्त्र आहे. त्याला बोधनिक मानसशास्त्र म्हणतात. नाव जड आहे, पण त्यातले शोध आपल्या दहा बाय दहाच्या खोलीत उपयोगी पडणारे आहेत.

आधी लक्ष घ्या. १९५३ साली कॉलिन चेरी या शास्त्रज्ञाने लोकांच्या दोन कानांत दोन वेगवेगळी भाषणे एकाच वेळी ऐकवली आणि एका कानातले भाषण मोठ्याने म्हणत राहायला सांगितले. नंतर दुसऱ्या कानात काय ऐकले असे विचारले, तर आवाज पुरुषाचा होता की बाईचा एवढेच सांगता आले. काय बोलले गेले ते सांगता आले नाही. मध्येच भाषा बदलली, तेही बहुतेकांच्या ध्यानात आले नाही. पुढे १९९९ साली अमेरिकेत डॅनियल सायमन्स आणि ख्रिस्तोफर शॅब्रिस यांनी लोकांना एक चित्रफीत दाखवली. तिच्यात काही खेळाडू चेंडू एकमेकांकडे टाकत होते. पांढऱ्या कपड्यांतले खेळाडू किती वेळा चेंडू टाकतात ते मोजायचे होते. मध्येच गोरिलाचा वेष घातलेला एक माणूस खेळाडूंमधून चालत आला, छाती बडवली आणि निघून गेला. मोजणाऱ्यांपैकी सुमारे निम्म्या लोकांना तो दिसलाच नाही! डोळे उघडे होते, पण लक्ष दुसरीकडे होते.

यावरून आपण काय घ्यावे? मुलगा पुस्तकासमोर बसला म्हणजे अभ्यासाला बसला, असे होत नाही. समोर टीव्हीवर मालिका चालू आहे, बाजूला मोबाईल दर पाच मिनिटांनी वाजतो आहे, अशा वेळी पुस्तकातला धडा त्या गोरिलासारखा डोळ्यांसमोरून निघून जातो. खोली एकच आहे, माणसे सहा आहेत, हे आम्हाला ठाऊक आहे. वेगळी खोली आपण देऊ शकत नाही. पण रोज एक ठरलेली वेळ टीव्ही बंद आणि मोबाईल मांडणीवर, एवढे सर्वांनी मिळून ठरवले तर जमते.

आता स्मरणशक्तीकडे येऊ. आपल्या स्वयंपाकाच्या जागी ओटा असतो आणि मांडणी असते. मांडणीवर घरभराची भांडी राहतात. ओट्यावर मात्र एका वेळी चार-सहाच मावतात. मनाचेही तसेच आहे. जे आत्ता मनात धरून आपण काम करतो, ती जागा ओट्यासारखी लहान असते. जॉर्ज मिलर यांनी १९५६ साली या जागेचा अंदाज सुमारे सात वस्तू असा मांडला. नेल्सन कोवन यांनी २००१ साली तो सुमारे चारवर आणला. ही जागा हुशार म्हणवल्या जाणाऱ्या माणसाचीही लहानच असते.

मग काही जणांच्या जास्त लक्षात कसे राहते? हा आकडा पाहा: १४१०१९५६. परक्या माणसाला हे आठ सुटे आकडे आहेत. दोन मिनिटांत विसरेल. पण आपल्या घरातले लहान पोरही हा आकडा जन्मभर विसरणार नाही, कारण त्याला तो १४ ऑक्टोबर १९५६, नागपूर, दीक्षाभूमी असा एकच दिसतो. आठ भांडी एकात एक बसली आणि ओट्यावर एकाच भांड्याची जागा गेली. १९७३ साली विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी बुद्धिबळाच्या खेळाडूंवर हेच तपासले. खऱ्या डावातला पट पाच सेकंद दाखवला, तर कसलेला खेळाडू बहुतेक सोंगट्या पुन्हा जागेवर मांडू शकला. त्याच सोंगट्या कशाही विखरून दाखवल्या, तेव्हा तो नवख्यापेक्षा काही फारसा पुढे राहिला नाही. म्हणजे त्याची कमाल जन्मजात स्मरणशक्तीची नव्हती, ती वर्षानुवर्षांच्या ओळखीची होती. जिथे आधीची ओळख असते तिथे नवे चटकन बसते. ज्या घरात तीन पिढ्या पुस्तके आहेत, त्या घरच्या मुलाला शाळेत निम्मे शब्द ओळखीचे भेटतात. आपल्या मुलाला ते पहिल्यांदा भेटतात. फरक डोक्याचा नसून ओळखीचा आहे, आणि ओळख वाढवता येते.

पण वाढवायची कशी? इथे आपला अठरा तासांचा प्रश्न येतो. हेर्मान एबिंगहाऊस या जर्मन अभ्यासकाने १८८५ साली आपल्या प्रयोगांचे पुस्तक प्रसिद्ध केले. प्रयोग त्याने स्वतःवरच केले होते. अर्थ नसलेली अक्षरे पाठ करायची, काही वेळ जाऊ द्यायचा, आणि ती पुन्हा पाठ करायला किती मेहनत वाचते ते मोजायचे. तासाभरात निम्म्याहून अधिक निसटले. एका दिवसात जवळजवळ दोन तृतीयांश गेले. मात्र त्यानंतर विसरण्याचा वेग मंद होत गेला. अर्थ असलेला धडा इतक्या लवकर जात नाही, पण निसटण्याची चाल तीच असते. त्याचा दुसरा शोध आपल्या अधिक कामाचा आहे. एकाच दिवशी ६८ वेळा घोकून जेवढे साधले, तेवढे तीन दिवसांत वाटून ३८ वेळा घोकल्याने साधले. जवळजवळ अर्धी मेहनत वाचली!

हिशेब करू. अठरा तास म्हणजे १,०८० मिनिटे. ती तीस दिवसांत वाटली तर रोजची छत्तीस मिनिटे होतात. तेवढाच वेळ, पण रोज थोडा दिला तर जास्त टिकतो. अठरा तासांचा उपक्रम बंद करा, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. ती मानवंदना आहे, ती व्हावी. त्या दिवशी आपली मुले शेकडोंनी एकत्र बसतात, यातही बळ आहे. पण बाबासाहेबांचा अभ्यास एका दिवसाचा नव्हता, तो आयुष्यभर रोजचा होता. आपण त्यातले अठरा तास घेतले आणि रोज हा शब्द विसरलो, तर चूक आपली आहे.

आणखी एक गोष्ट. २००६ साली रोडिगर आणि कार्पिक या दोघांनी विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. एका गटाने तो चार फेऱ्यांत पुन्हा पुन्हा वाचला. दुसऱ्या गटाने पहिल्या फेरीत वाचला आणि पुढच्या तीन फेऱ्यांत कागद बाजूला ठेवून आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारले तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारले तेव्हा वाचणाऱ्यांना सुमारे ४० टक्के आठवले, आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे ६१ टक्के. पुन्हा पुन्हा वाचले की धडा ओळखीचा वाटतो आणि आपल्याला आला असे वाटते. पेपरात मात्र पुस्तक समोर नसते. रात्र रात्र पुस्तक धरणाऱ्या त्या मुलाची फसगत बहुधा इथेच होत असावी.

आता तर्काचे पाहू. पीटर वेसन याने १९६० साली लोकांना २, ४, ६ हे आकडे दिले आणि म्हटले, यामागे एक नियम आहे, तुम्ही आकडे सुचवून तो ओळखा. लोकांनी ८, १०, १२ सुचवले, तो हो म्हणाला. २०, २२, २४ सुचवले, तो हो म्हणाला. 'दोनदोनने वाढणारे आकडे' असे लोकांनी खात्रीने सांगितले. ते चूक होते. नियम इतकाच होता की आकडे चढते हवेत. १, ५, ९० सुद्धा चालले असते. पण आपले म्हणणे खोटे ठरेल असे विचारायला फार थोडे लोक तयार होते. परीक्षेआधी अंगारा लावणारे, मोबाईलवर आलेली अफवा पुढे ढकलणारे हेच करतात. अंगारा लावून पास झालेले ते मोजतात. अंगारा लावून नापास झालेले आणि न लावता पास झालेले मोजायचे राहून जातात. मुलांना एकच सवय लावा: हे खरे नसेल तर काय दिसले असते, असे विचारायचे.

गणिताची भीती वाटणाऱ्यांसाठी ब्राझीलची गोष्ट सांगतो. तिथल्या रेसिफे शहरात नऊ ते पंधरा वर्षांची पाच मुले रस्त्यावर माल विकत होती. संशोधकांनी गिऱ्हाईक होऊन त्यांना हिशेब विचारले. १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात रस्त्यावर त्यांची ९८ टक्के उत्तरे बरोबर आली. तेच हिशेब कागदावर नुसत्या आकड्यांत दिले तेव्हा ३७ टक्केच बरोबर आले! ३५ क्रुझेरोला एक, असे दहा नारळ कितीला, हे एका मुलाने तीन-तीन नारळांचे गट करत ३५० असे बरोबर सांगितले. कागदावर दहाने गुणताना शून्य द्यायचे, ही शाळेची रीत त्याला लागली नाही. डोके तेच होते, प्रश्नाचे कपडे बदलले होते. आपल्या बचत गटातली बाई पाच हजारांवर महिना दोन टक्क्याने शंभर रुपये व्याज, हे तोंडी सांगते. मुलाला टक्केवारी तिथूनच शिकवावी.

कोलंबिया विद्यापीठात १९१३ ते १९१६ या काळात बाबासाहेब शिकले, तेव्हा जॉन ड्यूई तिथे त्यांचे प्राध्यापक होते. ड्यूईंनी १९१० साली 'हाऊ वुई थिंक' या पुस्तकात विचाराच्या पाच पायऱ्या मांडल्या. अडचण जाणवणे, ती नेमकी कुठे आहे ते ठरवणे, संभाव्य उपाय सुचणे, त्या उपायातून काय काय निष्पन्न होईल याचा विचार करणे, आणि प्रत्यक्ष पडताळून स्वीकारणे किंवा टाकून देणे. 'याला डोकं नाही' या वाक्यात यातली एकही पायरी नाही. अडचण नेमकी कुठे आहे, हे त्यात कुणी पाहिलेच नाही.

ते वाक्य नुकसानही करते. कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे यांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरची कोडी सोडवायला दिली. २००६ साली त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. जात उच्चारली नाही तेव्हा उच्चवर्णीय आणि दलित मुलांच्या कामात म्हणण्यासारखा फरक नव्हता. सर्वांदेखत नावासोबत जात पुकारली, तेव्हा दलित मुलांची कामगिरी घसरली. एका प्रयोगाने सारे सिद्ध होत नाही, पण शिक्षकांनी आणि आपण सर्वांनीच यावर विचार करावा. २०१३ साली तामिळनाडूतल्या ऊस शेतकऱ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. तेच शेतकरी कापणीआधी, हातात पैसा नसताना, बुद्धीच्या चाचण्यांत मागे पडले आणि कापणीनंतर सुधारले. म्हणजे काळजी आणि अपमान ही मोठी पातेली आहेत. ती ओट्यावर चढली की गणिताला जागा राहत नाही. मास्तरांचे वाक्य हे असेच एक पातेले आहे, आणि आपणही घरी रागाच्या भरात ते मुलासमोर ठेवतो.

हे सारे आम्ही त्या भगिनींना पुढच्या रविवारी सांगितले. त्या म्हणाल्या, "पण भाऊ, मला सहीपुरतंच येतं. मी काय शिकवणार?" आम्ही म्हणालो, "ताई, शिकवू नका, विचारा. रात्री भाकऱ्या करताना म्हणा, पुस्तक मीट आणि आज काय वाचलंस ते मला सांग. कळलं नाही तर 'म्हणजे काय रे?' असं विचारा. दोन दिवसांनी पुन्हा तेच विचारा, आठवड्याने पुन्हा." वाचता न येणाऱ्या आईला समजेल असे सांगायचे, तर मुलाला स्वतःला आधी समजावे लागते.

परवा त्या रस्त्यात भेटल्या. मुलाचे पेपर अजून व्हायचे आहेत, म्हणून निकालाचे आम्ही काही सांगू शकत नाही. त्या हसून एवढेच म्हणाल्या, "तो काय पाठ करतो ते माहीत नाही भाऊ, पण पाऊस कसा पडतो ते मला पाठ झालंय."