ताण मोजायचा, पण कोणत्या मोजपट्टीने?

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात १३ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. त्यामुळे महाविद्यालयांत ताणाची पाहणी होणे गरजेचेच आहे. प्रश्न आहे तो मोजपट्टीचा.

या कामासाठी जगभर वापरली जाणारी दोन प्रसिद्ध साधने अमेरिकेत तयार झाली. शेल्डन कोहेन आणि सहकाऱ्यांची ताणाची मोजपट्टी १९८३ची. माणूस ताणाला तोंड कसे देतो, हे विचारणारी चार्ल्स कार्व्हर यांची २८ प्रश्नांची 'ब्रीफ कोप' १९९७ची. दोन्ही उपयुक्त आहेत. पण भाषांतर अचूक असले तरी उत्तराचा अर्थ तोच राहतो असे नाही.

मदत मागण्याचेच पाहा. शेली टेलर, हीजंग किम आदींच्या २००४ मधील अभ्यासात आशियाई विद्यार्थी गोऱ्या अमेरिकी विद्यार्थ्यांपेक्षा आधार कमी मागताना दिसले. आपल्या अडचणीचा भार दुसऱ्यावर नको, ही भावना त्यामागे होती. म्हणजे त्यांना माणसे नव्हती असे नव्हे. काहींना मन मोकळे न करताही, नुसत्या आपल्या माणसांच्या सोबतीने बळ मिळते. प्रश्नावलीत मात्र तिथे कमी गुण पडतात.

मराठी मुलगा 'जाऊ दे' म्हणतो, तेव्हा त्याने परिस्थिती स्वीकारली की हात टेकले? मोजपट्टीत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बोलण्यात शब्द एकच. 'ताण आहे का?' याला 'नाही' म्हणणारी मुलगी 'पोटात गोळा येतो, झोप लागत नाही' हे सहज सांगते.

म्हणून आधी मुलांशी बोलून त्यांचे शब्द समजून घ्यावेत. मग दोन्ही समाजांत प्रश्नांचा अर्थ आणि वजन सारखे आहे का, हे संख्याशास्त्राने तपासावे. त्याशिवाय पुण्याच्या आणि परदेशातल्या विद्यार्थ्यांच्या सरासरीची तुलना करणे म्हणजे किलो आणि लिटर एकाच वहीत मांडणे.

धोका संशोधनापुरता नाही. अशा प्रश्नावलीचे गुण म्हणजे निदान नव्हे. कमी गुण पाहून महाविद्यालय निश्चिंत झाले, तर गप्प राहणारा मुलगा नेमका नजरेतून सुटतो. झोप उडणे, जेवण तुटणे, वर्ग चुकवणे, मरणाची भाषा यांकडे शिक्षकांनी आणि पालकांनी लक्ष द्यावे आणि थेट विचारावे. विचारल्याने आत्महत्येचा विचार डोक्यात शिरत नाही. 'टेली-मानस'चा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास सुरू असतो. प्रश्नावली भरून घेणाऱ्यांनी तो त्याच कागदावर छापावा.