निकालाआधीचा आधार

एखाद्या घरावर गुन्ह्याचा आघात झाला की त्या घरापुढे एकाच वेळी दोन प्रश्न उभे राहतात. हे कोणी केले, हा पहिला. आणि आता आमचे कसे होणार, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचा छडा लावण्यासाठी पोलीस आहेत, न्यायालये आहेत, वकील आहेत. त्याची चर्चा वर्तमानपत्रांतून होते, पारावर होते. दुसरा प्रश्न मात्र बहुधा उंबरठ्याच्या आतच राहतो. मिळवता माणूस गेला, तर पुढच्या महिन्याचे वाणसामान कोठून यावयाचे? जखमी मुलीला घेऊन रुग्णालयात कोणी बसावयाचे? खटल्याच्या तारखेला गेले की रोजगार बुडतो, तो कोणी भरून द्यावयाचा? या महिन्याच्या सदरात आपण या दुसऱ्या प्रश्नाचा विचार करू.

अशा माणसाला आपण मराठीत सहजपणे 'गुन्ह्याचा बळी' म्हणतो. बळी म्हणजे ज्याचे सर्व काही संपले तो. तंजावूरकडे तमिळ भाषेत जो शब्द रूढ आहे तो निराळा आहे. 'पादिक्कप्पट्टवर', म्हणजे ज्याला बाधा पोचली तो. विचार केला असता हाच शब्द अधिक न्याय्य वाटतो. बाधा पोचलेला माणूस अजून जगत असतो, त्याला उद्याची चिंता असते, आणि समाजाकडे त्याचे काही येणे असते. हे येणे दुहेरी आहे. अपराध्यास शिक्षा व्हावी, हे एक. आणि आपल्याला आधार मिळावा, हे दुसरे. ही दोन देणी वेगवेगळी आहेत. पहिले फिटेपर्यंत दुसरे अडवून ठेवता कामा नये, एवढेच या लेखाचे सांगणे आहे. त्याचे दाखले तंजावूरच्या परिसरातच मिळतात.

तंजावूरचे राजे दुसरे सरफोजी यांनी १८०१ मध्ये ब्रिटिश रेसिडेंट बेंजामिन टोरिन यास एक पत्र लिहिले होते. रामेश्वरच्या वाटेवर भोसले राजघराण्याने जी छत्रे, म्हणजे धर्मशाळा, चालविली होती, त्यांचे वर्णन त्या पत्रात आहे. येणाऱ्या-जाणाऱ्यास तेथे अन्न मिळे. कोणी वाटसरू आजारी पडला तर औषध, पथ्याचे जेवण आणि वैद्य यांची सोय असे. सर्पदंशावर उपचार जाणणारे वैद्यही असत. गरोदर स्त्रियांची विशेष काळजी घेतली जाई. परक्या प्रदेशातून आलेला प्रवासी वाटेत मरण पावला, तर त्याची पोरकी मुले छत्रातील पंतोजींच्या स्वाधीन होत. त्यांना जेवण मिळे, ठरलेल्या दिवशी तेल लावून न्हाऊ घातले जाई, आणि शिक्षणही दिले जाई. ओरत्तनाडू येथील मुक्तांबा छत्र हे या परंपरेतील नामांकित स्थान होय.

ही छत्रे गुन्ह्याने पोळलेल्यांसाठी काढलेली नव्हती, हे खरे. परंतु त्यांच्यामागचा नियम आपल्या विषयाला थेट लागू पडतो. संकट कोणामुळे आले, याचा निवाडा होईपर्यंत तेथे कोणाचे ताट थांबत नसे. समोर संकट दिसले की मदत सुरू होई. आपल्या काळात फौजदारी कायद्याची मोठी यंत्रणा उभी राहिली, पण हा साधा नियम तिच्यातून दीर्घकाळ निसटलेला होता. तो निसटल्याने काय घडते, हे याच प्रदेशातील दोन घटनांवरून दिसून येते.

कीळवेण्मणी हे गाव आज नागपट्टिनम जिल्ह्यात आहे; १९६८ मध्ये ते तंजावूर जिल्ह्याच्या पूर्व भागात मोडत असे. भातशेतीवर राबणाऱ्या दलित मजुरांनी मजुरीत वाढ मागितली होती आणि त्यावरून जमीनमालकांशी तंटा चालू होता. २५ डिसेंबर १९६८ च्या रात्री त्या वस्तीवर हल्ला झाला. जीव वाचविण्यासाठी एका झोपडीत शिरलेली ४४ माणसे जाळून मारण्यात आली. त्यांत बहुतेक स्त्रिया आणि मुले होती. १९७० मध्ये सत्र न्यायालयाने काही जमीनमालकांना दोषी ठरविले. १९७३ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष मुक्त केले. एवढे मोठे, श्रीमंत जमीनदार स्वतः पायी जाऊन आग लावतील, हे न्यायालयास संभवनीय वाटले नाही.

ज्या घरांतील माणसे गेली होती, त्यांना त्या निकालपत्राने काय दिले? ज्याने गुन्हा केला तोच कायद्याच्या दृष्टीने सापडला नाही, म्हणून ज्यांच्यावर गुन्हा झाला त्यांचे नुकसान नाहीसे झाले काय? त्या भागात आधार आला तो दुसऱ्याच वाटेने. विनोबाजींच्या भूदानकार्यात वावरलेले शंकरलिंगम् व कृष्णम्माळ जगन्नाथन् हे दांपत्य या हत्याकांडानंतर तंजावूरच्या पूर्व भागात आले. मजुराच्या नावावर थोडी जमीन झाल्याखेरीज त्याचे भय जाणार नाही, असे त्यांचे मत होते. १९८१ मध्ये त्यांनी 'लाफ्टी' ही संस्था स्थापिली आणि वाटाघाटी करून, कर्ज उभारून हजारो भूमिहीन कुटुंबांना जमीन मिळवून दिली. ती जमीन स्त्रियांच्या नावे करण्यावर त्यांचा कटाक्ष राहिला. २००८ मध्ये 'राइट लाइव्हलीहूड' पुरस्कार देऊन या दोघांचा जागतिक पातळीवर गौरव झाला. न्यायालयाच्या निवाड्याने हे काम झाले नाही आणि निवाड्याअभावी ते अडलेही नाही.

दुसरी घटना कुंभकोणम् येथील. १६ जुलै २००४ रोजी तेथील एका खाजगी प्राथमिक शाळेत दुपारच्या भोजनाच्या स्वयंपाकघरातून आग पसरली. वर्गांवर झावळ्यांचे छप्पर होते आणि उतरण्यास जिना अरुंद होता. ९४ मुले मृत्यू पावली, १८ जखमी झाली. तंजावूरच्या सत्र न्यायालयाचा निकाल लागला तो ३० जुलै २०१४ रोजी, म्हणजे दहा वर्षांनी. २१ आरोपींपैकी १० जणांना शिक्षा झाली, ११ जण सुटले. २०१७ मध्ये उच्च न्यायालयाने आणखी काहींना मुक्त केले व प्रमुख आरोपीची शिक्षा भोगलेल्या मुदतीपुरती कमी केली. शासनाने सुरुवातीस मदत दिली होती. परंतु पुरेशी भरपाई मिळावी म्हणून पालकांना स्वतंत्रपणे उच्च न्यायालयात जावे लागले आणि तो व्यवहार वर्षानुवर्षे चालला. दुसरीतले जखमी मूल दहा वर्षांत मोठे होते. त्याच्या त्वचेवरील उपचार, त्याचे शिक्षण, आईबापांचे ढासळलेले मन, यांपैकी काहीही निकालाच्या तारखेपर्यंत थांबू शकत नाही.

या घटनेतून देशाला मात्र एक लाभ झाला. तिच्या अनुषंगाने आलेल्या लोकहित याचिकेवर २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय देऊन देशातील सर्व शाळांना अग्निसुरक्षेचे नियम बंधनकारक केले. आज आपले मूल ज्या शाळेत जाते तेथे आग विझविण्याची साधने असली पाहिजेत, हा नियम त्या निर्णयाने पक्का केला.

पीडितास मदत करणे हे राज्याचे कर्तव्य आहे, ही कल्पना जगातही फार जुनी नाही. न्यूझीलंडने १९६३ मध्ये यासाठी कायदा केला, तो या विषयातील पहिल्या कायद्यांपैकी होता. १९८५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने पीडितांसंबंधीचा जाहीरनामा संमत केला. आपल्याकडे २००८ च्या दुरुस्तीने फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ३५७-अ आले आणि प्रत्येक राज्याने पीडितांसाठी भरपाईची योजना करावी असे ठरले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत हीच तरतूद कलम ३९६ मध्ये आहे. मृत पीडिताचे वारस आणि पालक यांचाही 'पीडित' या व्याख्येत समावेश होतो.

या कलमातील दोन गोष्टी प्रत्येक कुटुंबाने ध्यानी धराव्यात. आरोपीचा शोध लागला नाही व खटलाच उभा राहिला नाही, तरीही पीडित किंवा त्याच्यावर अवलंबून असलेली माणसे भरपाईसाठी अर्ज करू शकतात. आणि आरोपी निर्दोष सुटला, तरीही पीडिताच्या पुनर्वसनाची गरज आहे असे वाटल्यास न्यायालय भरपाईची शिफारस करू शकते. कीळवेण्मणीच्या घरांना १९७३ मध्ये जे उपलब्ध नव्हते, ते आज कायद्याच्या पुस्तकात आहे. मात्र पुस्तकातील हक्क आपल्या पायांनी घरी येत नाही. त्यासाठी दार ठाऊक असावे लागते.

ते दार म्हणजे जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. याचे कार्यालय बहुधा जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असते. भरपाईच्या अर्जाची चौकशी हेच प्राधिकरण करते, आणि ती दोन महिन्यांत पुरी करावी असा कायद्याचा दंडक आहे. तोपर्यंत विनामूल्य औषधोपचार किंवा अन्य तातडीची मदत देण्याचा अधिकारही त्याला आहे. अर्जास मुदत असते, यास्तव दुःखाचे दिवस सरल्यावर पाहू, असे म्हणून विलंब करू नये. स्त्रिया, मुले आणि अनुसूचित जाती-जमातींचे लोक यांना उत्पन्नाची अट न लावता वकील विनामूल्य मिळतो. १५१०० या क्रमांकावर दूरध्वनी केल्यास मार्गदर्शन होते.

पोलिसांकडे फिर्याद देताना हद्दीचा प्रश्न काढून कोणी परत पाठवू लागले, तर गुन्हा कोठेही घडलेला असला तरी कोणत्याही ठाण्यात खबर नोंदविता येते, हे नम्रपणे पण ठामपणे सांगावे. प्रथम खबरी अहवालाची प्रत पीडितास विनामूल्य मिळाली पाहिजे. तपास कोठवर आला, हे ९० दिवसांच्या आत कळविणे हे पोलिसांचे कर्तव्य आहे. बलात्काराच्या व आम्लहल्ल्याच्या पीडितांवर आणि लैंगिक अत्याचार झालेल्या बालकांवर सरकारी असो वा खाजगी, प्रत्येक रुग्णालयाने ताबडतोब व विनामूल्य उपचार केले पाहिजेत. दलित किंवा आदिवासी कुटुंबावर अत्याचार झाला असेल, तर १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यान्वये तपासाच्या व खटल्याच्या काळातील प्रवासखर्च, निर्वाहखर्च आणि पुनर्वसन यांवर त्या कुटुंबाचा हक्क असतो. साक्षीदारास धमक्या येत असतील, तर २०१८ च्या साक्षीदार संरक्षण योजनेखाली अर्ज करता येतो.

स्त्रियांसाठी २०१५ पासून 'सखी' केंद्रे निघाली. तात्पुरता निवारा, वैद्यकीय मदत, कायद्याचा सल्ला आणि समुपदेशन या सोयी तेथे एकाच ठिकाणी मिळतात. स्त्रियांसाठी १८१, बालकांसाठी १०९८ आणि कोणत्याही तातडीच्या प्रसंगी ११२ हे क्रमांक आहेत. महाराष्ट्रातील वाचकांनी २ ऑक्टोबर २०१३ पासून सुरू झालेल्या 'मनोधैर्य' योजनेचे नाव लक्षात ठेवावे. बलात्कार, बालकांवरील लैंगिक अत्याचार आणि आम्लहल्ला यांतील पीडितांना ती साहाय्य करते. मनावरचा घाव लवकर भरत नाही. झोप उडाली, भीती जाईना, जगणे नकोसे झाले, तर १४४१६ या 'टेलि-मानस' क्रमांकावर आपल्या भाषेत बोलता येते.

एवढे सर्व असूनही पुष्कळ घरे या दारापर्यंत पोचत नाहीत. याचे एक कारण अज्ञान, दुसरे लज्जा, आणि तिसरे असे की, ज्या घरात नुकतेच अघटित घडले आहे तेथे अर्ज लिहिण्याइतके त्राण कोणात उरलेले नसते. शेजारधर्माची जागा नेमकी येथे आहे. समाचारास जाणारे पुष्कळ असतात. एकाने तरी कागद सांभाळण्याचे काम पत्करावे. प्रथम खबरी अहवाल, रुग्णालयाची कागदपत्रे, शवविच्छेदनाचा अहवाल, मृत्यूचा दाखला, औषधांच्या पावत्या, हे सर्व एका पिशवीत घालून त्यांच्या प्रती काढून ठेवाव्यात. दुसऱ्याने प्राधिकरणात सोबत जावे. तिसऱ्याने मुलांची शाळा चुकू देऊ नये. आणि सर्वांनी मिळून एक पथ्य पाळावे. काय घडले, हे पुन्हा पुन्हा वदवून घेऊ नये; 'तुम्ही तेथे गेलात कशाला' असे तर चुकूनही म्हणू नये. असा प्रश्न विचारणारा नकळत आरोपीचे ओझे पीडिताच्या डोक्यावर ठेवतो.

कुंभकोणम् येथे दरवर्षी १६ जुलै रोजी आईबाप आपल्या मुलांच्या स्मरणार्थ एकत्र येतात. शिक्षा किती झाली, कोणाला झाली, यावर त्यांचे समाधान झाले असेल वा नसेल. परंतु परस्परांचा हात धरून उभे राहण्यासाठी त्यांना कोणत्याही न्यायालयाची अनुमती लागत नाही. आपल्या गल्लीत, आपल्या चाळीत, आपल्या गावात असे एखादे घर असेल, तर निकालाची तारीख न विचारता या आठवड्यातच तेथे जावे आणि अर्ज झाला आहे की नाही, एवढे विचारावे. झाला नसेल, तर सोबत जाऊन तो करून द्यावा.