कोळीवाड्याची हद्द उंबऱ्याशी संपत नाही

वरळीच्या कोळ्यांनी २०२१च्या अखेरीस होड्या आडव्या घालून सागरी किनारा मार्गाचं काम रोखलं, तेव्हा भांडण एका मापाचं होतं. क्लीव्हलँड बंदरातून दर्यात जाताना या मार्गाच्या पुलाखालून जावं लागतं. त्या पुलाच्या दोन खांबांमध्ये आराखड्यानुसार ६० मीटर अंतर राहणार होतं. कोळी २०० मीटर मागत होते. ६० मीटर पुरतात, असं पालिका तज्ज्ञांच्या हवाल्याने सांगत राहिली. शेवटी डिसेंबर २०२२मध्ये अंतर १२० मीटर करण्याचा निर्णय जाहीर झाला.

म्हणजे आराखडा बदलता येत होता. मग त्यासाठी होडीवाल्यांना रोजची मासेमारी सोडून कामाच्या आड का उभं राहावं लागलं?

कागदावर ६० मीटर मोठे वाटतात. पण अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाण्याची ओढ वाढते, वारा बाजूने लागतो आणि वरळीचा किनारा खडकाळ आहे. त्यात समोरून दुसरी होडी आली, तर सुकाणू धरणाऱ्याला चूक करायला जागाच उरत नाही. अष्टमीच्या सुमाराची भांगाची भरती वेगळी, उधाणाची वेगळी; हे किनाऱ्यावरच्या पोरालाही ठाऊक असतं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा जुना हिशेब इथे आजही उपयोगी पडतो. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास पाणी भरणार. पिढ्यान् पिढ्या अशा हिशेबावर होड्या हाकारणाऱ्यांना बंदराच्या तोंडाशी किती वाट लागते, हे विचारायला निविदेआधी कुणीतरी जायला हवं होतं.

वरळीचा समुद्र बाहेरच्यांनी बदलण्याची ही पहिली वेळ नव्हे. १७८४च्या सुमारास महालक्ष्मी आणि वरळी यांच्यामधली खाडी बांध घालून बुजवली गेली. गव्हर्नर हॉर्नबीच्या नावाने ओळखला जाणारा तो बांध पुनःपुन्हा ढासळत होता, पाण्यातून देवीच्या मूर्ती निघाल्यावरच तो टिकला, ही आख्यायिका मुंबईकर अजून सांगतात. पुढे २००९मध्ये वांद्रे-वरळी सागरी सेतू झाला आणि त्यानंतर सागरी किनारा मार्ग आला. प्रत्येक वेळी शहराची सोय झाली, हे खरंच आहे. पण या प्रत्येक कामानंतर आपली वाट नव्याने शोधायची पाळी आली ती कोळ्यांवर.

पाण्याचं जे झालं, तेच जमिनीचं होत आहे. कोळीवाडा म्हणजे दाटीवाटीची घरं, अशी समजूत सरकारी कचेऱ्यांत पक्की बसली आहे, आणि त्यापुढे झोपडपट्टी पुनर्वसनाचा शिक्का फार दूर राहत नाही. घरांच्या भोवतीची मोकळी जागा मग ‘रिकामी’ ठरते. ती रिकामी कधीच नसते. तिथे जाळी पसरतात, फाटलेली शिवतात, होड्या ओढून डागडुजीला घेतात आणि मासळी सुकवतात.

वेसावे (वर्सोवा), मढ, उत्तन या बाजूला पावसाळा सरल्यावर जाऊन पाहावं. मासळी सुकवायच्या बांबूच्या वलांड्या उभ्या राहिलेल्या असतात. बायका बोंबलांची जोडी घेतात, एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवतात आणि ती जोडी काठीवर टाकतात; एक मासा अलीकडे, दुसरा पलीकडे. हात इतके सराईत की बोलणं थांबत नाही. बोंबील बहुतांश पाण्याचाच बनलेला. वेळेत विकला नाही किंवा सुकवला नाही, तर तो हातचा गेला. या उघड्या मैदानावर पुढे काही महिने वलांडीवालीचं घर चालतं. किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी असते, तेव्हा सुक्या मासळीचाच आधार असतो. ती जागा वाहनतळाला किंवा इमारतीला दिली, तर नोंदीत एकही घर पाडलेलं दिसणार नाही. धंदा मात्र बुडालेला असेल.

२०११च्या किनारा नियमन अधिसूचनेत मुंबईतल्या कोळीवाड्यांचे नकाशे करण्याची खास तरतूद होती. सीमांकनाचं काम तेव्हापासून रेंगाळत, वाद ओढवून घेत चाललं आहे. ते वेगाने व्हायलाच हवं, पण मोजणीदाराने फक्त भिंती मोजून परत जाऊ नये. वलांड्यांची जागा, जाळ्यांची जागा, होड्या लावायची जागा आणि बंदराकडे जाणारी वाट हे सगळं हद्दीत धरून तशी नोंद व्हावी. मोजणीच्या वेळी मच्छीमार सोसायटीच्या पदाधिकाऱ्यांबरोबर मासळी सुकवणाऱ्या आणि विकणाऱ्या बायकाही हजर असाव्यात, कारण कोणता कोपरा कशाला लागतो हे त्याच नेमकं दाखवू शकतात.

समुद्रातल्या वाटांची नोंदही याच नकाशात हवी. वांद्रे-वर्सोवा सागरी सेतूचं काम चालू आहे. खारदांडा, जुहू आणि वेसावे इथल्या होड्या त्याच पाण्यातून जातात. त्यांच्या नाखव्यांना होडीत बरोबर घेऊन, उधाणाच्या दिवशी त्या वाटा आत्ताच मोजाव्यात आणि खांबांच्या जागा त्यानंतर पक्क्या कराव्यात.