उपासना आणि निर्मिति

अंबाजोगाईच्या दासोपंतांनीं (१५५१–१६१५) सुमारें ४० फूट लांबीच्या कापडावर पंचीकरणाचा विषय लेखन व आकृति यांच्या योगें मांडला. बीड जिल्ह्यांतील ती ‘पासोडी’ प्रसिद्धच आहे. ती पाहतां कला व उपासना यांची फारकत करतां येत नाहीं.

हाच धागा मराठी ख्रिस्ती उपासनेंतहि सांपडतो. ज्यांची बरीच हयात बीडशेजारच्या अहमदनगरास गेली, त्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांनीं १८९५ सालीं बाप्तिस्मा घेतला. धर्म पालटला, तरी ध्यानाची भाषा पालटली नाहीं. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलों, असें ते म्हणत. ख्रिस्ताशीं एकांतांत बोलतांना त्यांच्या मुखीं अभंगच आला. त्यांची ‘अभंगांजलि’ याची साक्ष आहे.

परंतु या श्रद्धेचें मोल घरानेंहि भरलें. लक्ष्मीबाईंच्या वांट्यास कित्येक वर्षांचा वियोग आला. त्या दिवसांची हकीकत त्यांनीं ‘स्मृतिचित्रें’ या ग्रंथांत निर्मळ विनोदानें सांगितली आहे. १९०० सालीं त्यांनींहि बाप्तिस्मा घेतला. १९१९ सालीं टिळक निवर्तले, तेव्हां ‘ख्रिस्तायन’ अपुरें होतें. ज्या पत्नीस त्यांनीं घरींच लिहावयास शिकविलें, तिनेंच तें पूर्णत्वास नेलें. असें कार्य क्षणिक उमाळ्यानें तडीस जात नाहीं. त्यास नित्याची बैठक लागते.

आपल्या घरांत कोणी लिहिणारें, गाणारें वा रेखाटणारें असेल, तर त्याच्या पहाटेच्या एकांतास वडील माणसांनीं जपावें. मग तें कोणत्याहि नांवानें देवास हांक मारो.